संघात तिघेच

सोमवार, १ जुलै. सकाळी ११

थकलो. आठ वाजता हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांत टेबल धरायला मी, प्रश्न विचारायला मी, भांडणं मिटवायलाही मीच. अकरा वर्षं हेच चाललंय. रोज प्रत्येकाने तीन प्रश्न आणायचे: एक पुस्तकांवरचा, एक टीव्हीवरचा, एक इतिहासाचा. मोबाईल पिशवीत. नियम मी केले, मोडायला बाकीचे तिघे आहेतच.

आज केंगने विचारलं, सिंगापुरात टीव्ही कधी आला. म्हटलं, १९६५. म्हणाला, १९६३, फेब्रुवारी. मी समजावलं की बाबा रे, कम्युनिटी सेंटरच्या पायरीवर उभं राहून मी स्वतः पाहिलाय. तर म्हणतो, मग लायनेल, तू दोन वर्षं उशिरा पोचलास. चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले म्हणून माणूस किती चढून बसतो. विषय वाढवला नाही. त्याच्या वयाचा विचार केला.

वस्तीतल्या क्लबच्या बोर्डावर कागद लागलाय. ज्येष्ठांची प्रश्नमंजूषा, २० जुलै. फेऱ्या तीन: पुस्तकं, टीव्ही, इतिहास. संघात तिघेच. आम्ही चौघे. म्हणजे एकाला वगळणं आलं. कप्तान असल्याचे भोग.

मंगळवार, २ जुलै

बी लियानने विचारलं, तुला कप्तान कोणी केलं? बायकोला काय सांगणार. असल्या गोष्टी विचारून होत नसतात.

संकल्प: आठवड्याभरात निर्णय घ्यायचा आणि गोड शब्दांत सांगून मोकळं व्हायचं. नावं द्यायची शेवटची तारीख १५.

गुरुवार, ४ जुलै

नीट विचार केला.

हारून. बस चालवायचा. इतिहास सोडून काही येत नाही. शिवाय टोस्ट खाताना तोंड उघडं.

पुष्पावल्ली. तीस वर्षं लायब्ररीत. पुस्तकं सोडून काही येत नाही. रोज दहा मिनिटं उशीर.

केंग. टीव्ही दुरुस्त करणं वेगळं, टीव्ही कळणं वेगळं.

मला सगळ्यातलं थोडं थोडं येतं. पाणी खात्यात बत्तीस वर्षं काढली, तिथे वाचायला वेळच वेळ होता. तेव्हा माझ्याखेरीज दोन हवेत. कोण, ते उद्या ठरवतो.

शुक्रवार, ५ जुलै

पाठ दुखत होती. नाही ठरवलं.

शनिवार, ६ जुलै

मी विचारलं, पुस्तकामागे पट्टीवर जो लांबलचक नंबर असतो तो किती आकडी. पुष्पा म्हणाली, तेरा. माझ्या प्रश्नांच्या वहीत दहा. म्हणाली, अरे लायनेल, २००७ पासून तेरा झाला, तू कुठे होतास? मी म्हटलं, मी मूळचा नंबर विचारलाय, आजकालचा नाही. हारून म्हणाला, दे बाई त्याला मार्क, कॉफी गार होतेय. मार्क घेतला. पण मार्क असा द्यायचा नसतो.

पुष्पाला वगळावं असं वाटू लागलंय.

सोमवार, ८ जुलै

आज सांगणारच होतो. पुष्पाने माझ्यासाठी घरून वडे आणले. उद्या.

मंगळवार, ९ जुलै

केंगलाच वगळावं. तो मनाला लावून घेत नाही. सांगायला गेलो, तर हा पठ्ठ्या स्वतःच म्हणतो, लायनेल, तुझ्याशी जरा बोलायचंय. मग हारूनकडे बघितलं, पुष्पाकडे बघितलं, आणि म्हणाला, काही नाही, उकाडा फार आहे. तिघंही हल्ली दबून वागतात. माझ्या निर्णयाची धास्ती असणार. कीव येते.

गुरुवार, ११ जुलै. दुपारी १२

सकाळी बीपी तपासायला दवाखान्यात जायचं होतं, म्हणून साडेसातलाच टेबल धरून ठेवलं. बाकी लोक टिश्यूचं पाकीट ठेवतात. मी प्रश्नांची वही ठेवतो. इथे कोणी हात लावत नाही, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कळतं की हे टेबल साधं नाही.

दवाखान्यात रांग. पावणेनऊला पोचलो. वही मिटून माझ्या खुर्चीसमोर सरळ ठेवलेली. प्रश्न कोणीच आणले नव्हते. हारून टोस्ट खात होता, तोंड अगदी गच्च मिटून. पुष्पा म्हणाली, उद्यापासून मी वेळेवर येत जाईन. चांगली गोष्ट आहे. उशिरा का होईना, शिस्त लागतेय.

गुरुवार, ११ जुलै. दुपारी ३

लिहून झाल्यावर ही रोजनिशीची वही कपाटात ठेवायला गेलो. प्रश्नांची वही तिथेच होती, काल ठेवली तशी.

दोन्ही निळ्याच. खालच्या दुकानातून एकदमच घेतल्या होत्या.

शुक्रवार, १२ जुलै. सकाळी ९

गेलो नाही. तब्येत ठीक नाही असं कळवलं. कोणी फोन केला नाही. बी लियानला सगळं सांगितलं. म्हणाली, वहीवर नाव घालायला काय झालं होतं? ही सहानुभूती.

संकल्प: आता जायचंच नाही. घरी बसून वाचायचं. नऊ वाजलेत. वाचायला काही सुचत नाही.

शुक्रवार, संध्याकाळ

हारून आला. दाराच्या जाळीबाहेर उभा, हातात करी पफची पिशवी. आत ये म्हटलं, तर म्हणाला, आधी सांगतो, मग बघ घेतोस का आत.

प्रश्न आहेत समजून वही उघडली, म्हणाला. नंतर मिटायला हवी होती, पण केंग मोठ्याने वाचत होता.

मग म्हणाला, नावं आम्ही दोन तारखेलाच दिली. तिघांची. पुस्तकांना पुष्पा, टीव्हीला केंग, इतिहासाला मी. तुला सांगवत नव्हतं. दहा दिवस एकमेकांना म्हणतोय, तू सांग, तू सांग. त्या दिवशी केंग तोंड उघडून उकाड्यावर घसरला. तुझी वही वाचली आणि खरं सांगू, हलकं वाटलं. म्हटलं, चला, हाही आपल्याला कापतच होता.

मी विचारलं, मग मला कशाला ठेवायचं टेबलावर? तो म्हणाला, असं कसं विचारतोस, वेडा आहेस का.

करी पफ खाल्ले. तोंड मिटून खायला किती त्रास होतो म्हणून कुरकुरत होता. मी म्हटलं, खा बाबा, हवं तसं खा.

तो गेल्यावर मात्र वाईट वाटलं. खूप वाटलं. वगळलं याचं वाटलं, आणि त्यांनी बरोबर केलं याचं जास्त वाटलं. मला पुस्तकातलं येत नाही, टीव्हीतलं येत नाही, इतिहासातलं येत नाही. सकाळचे आठ ते साडेनऊ सोडले तर दिवसात माझ्याकडे काही नाही. लिहून ठेवतो. ही वही आता खासगी थोडीच राहिलीय.

सोमवार, १५ जुलै. सकाळी ११

गेलो. कोणी विषय काढला नाही. पुष्पा आठच्या आधी हजर, आणि त्याचा तिला भयंकर राग आलेला.

केंग म्हणाला, पाच दिवस उरलेत, आम्हाला सराव हवा, तू विचार. मला बरं वाटलं. सराव करून घेणाराच खरा मोठा, हे मी बी लियानला घरून निघतानाच सांगून आलो होतो. वही उघडली, आवाज जरा लावला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

पुष्पाचं उत्तर माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत. केंगचं तसंच. हारून तर उत्तर देऊन वर तारीख आणि वार सांगायचा. कुठे माझं उत्तर वेगळं निघालं की तिघं खाली बघायचे. मग मी पेन्सिलीने खोडायचो आणि पुढे जायचो. अशी बरीच खाडाखोड झाली.

सव्वानऊला वही संपली. अकरा वर्षांतले निवडून ठेवलेले प्रश्न, सव्वा तासात.

केंग म्हणाला, एवढेच? उद्या नवीन आण.