एका बोटाची तपासणी

बुधवार, संध्याकाळ

लिही सुनंदा, अन् तुह्यं नाव आलं म्हणून गाळू नको.

वरच्या कुसुमबाईचा नळ फुटला अन् छतातून पाणी नेमकं माह्या गादीवर गळलं. भाव पडला त्या वर्षी बाभुळगावच्या शेतातला कापूस विकला नाही, या गादीत भरला. घराचा विमा आहे, त्या विमेवाल्यानं फोनवर सांगितलं, तपासणीचे साहेब येईपर्यंत हात लावू नका. साहेब आठ दिवसांनी. ओला कापूस आठ दिवस तसाच ठेवायचा? मी खोळ उसवून तो गच्चीवर वाळवला अन् पुन्हा भरला. कुसुमबाईही पिंजायले बसली, लाजेनं बसली असेल.

आज साहेब आले. एका बोटानं गादी दाबली.

"आजी, नुकसान कुठं आहे?"

"आत गाठी झाल्या, साहेब. पाठीले टोचतात."

"वरून तर चांगली दिसते."

एक बोट. गादीवर बोट झोपते काय? अन् ही सुनंदा मलेच म्हणते, "आई, वाळवली कायले?" सडू दिली असती तर भरपाई मिळाली असती म्हणे.

साहेबांनी कागदावर लिहिलं, गादी ठीक आहे. त्याच्याखाली माहा अंगठा मागितला. मी म्हटलं, "साहेब, आधी दहा मिनिटं झोपून पाहा, मग अंगठा देतो."

कागद तसाच घेऊन गेले. झोपले नाहीत.