डावीकडचं टेबल

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू कारखाना सोडून गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही. रागाव, तुझा हक्कच आहे. फोनवर बोलणं तब्येतीच्या पुढे जात नाही, आणि कारखान्याचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील, एवढ्या भरवशावर लिहितेय.

कंपनी विकल्याची नोटीस लागली त्या दिवशी तू पेचकस पुसून डब्यात ठेवलास आणि चालू पडलीस. विकलेल्या नावाखाली मी बसणार नाही, म्हणालीस. मी बसले. धीर होता म्हणून की नुसती सवय म्हणून, हे रोजनिशीत कितीदा तरी स्वतःला विचारलं. नवे मालक मूळचे खोकी बनवणारे. कँटीनमध्ये भिंगवाले काका म्हणाले, आता बघा, कॅमेऱ्यापेक्षा खोकंच भारी निघणार! सगळे हसले, पण अर्धे डबे तसेच परत बंद झाले. कॅमेरे दुसरीकडे स्वस्तात जोडून घ्यायचे आणि वर फक्त आपलं नाव छापायचं, अशी कुणकुण होती. म्हणजे आपल्या जोडणीच्या खोलीला कुलूप.

मागच्या आठवड्यात मालक स्वतः आले. माझ्या मागे उभे राहून विचारलं, एका कॅमेऱ्याला दोन माणसं कशाला? मी सांगितलं, शेवटचा स्क्रू आम्ही आपला आपण आवळत नाही. शेजारचा माणूस त्या कॅमेऱ्यातून आधी जोडणाऱ्याचा चेहरा बघतो, शटर ऐकतो, आणि पटलं तरच आवळतो. सांगताना मला तू दिसत होतीस. कॉलेजातून नुकतीच आलेली मी, आणि माझा पहिला कॅमेरा परत सरकवत तू म्हणत होतीस, बाईसाहेब, पदवी घरी ठेवून या, घाई केलीत ते तोंडावर दिसतंय.

या बोलण्याच्या नादात मी घोळ घातला. हल्ली माझे कॅमेरे उजवीकडे, जाड्याकडे जातात. त्या दिवशी हात जुन्या सवयीने डावीकडे गेला आणि कॅमेरा तुझ्या रिकाम्या टेबलावर. घ्या की उचलून, मालक म्हणाले. जाड्या जागचा हलला नाही. ज्याच्या टेबलावर गेला त्यानेच आवळायचा, हा नियम तुझाच ना! काका भिंग पुसत म्हणाले, साहेब, तिथल्या बाई येतील तेव्हा होईल तो पुरा. मला वाटलं, संपलं. आपल्याच हट्टापायी खोली जाणार. मालकांनी कॅमेरा डोळ्याला लावून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, माझ्याकडे जो तो आपलंच खोकं तपासतो, म्हणून परत आलेल्या मालासाठी मला वेगळं गोदाम बांधावं लागलं. आणि कॅमेरा अलगद तुझ्याच टेबलावर ठेवला.

काल निर्णय कळला. जोडणी इथेच राहणार, शेजाऱ्याच्या स्क्रूसकट. नवी माणसं घेणार आहेत, त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. ताई, ऊर इतका भरून आला की मोरीशी जाऊन तोंडावर पाणी मारावं लागलं. नंतर शंका आलीच: एका चांगल्या वाक्याला मी भुलले का? उद्या हा माणूस बदलला तर? बदलेलही. पण आपली रीत त्याने डोळ्यांनी पाहिली आणि ठेवून घेतली, एवढं खरं आहे. ती रीत तुझ्या हातची आहे.

तो कॅमेरा अजून तिथेच आहे, स्क्रू शेजारी बशीत. काका रोज वरची धूळ फुंकतात आणि मला विचारतात, बाईंनी काय कळवलं? म्हणून हे पत्र. चष्म्याच्या दुकानातलं तुझं बस्तान मोडायचा मला काय हक्क, ते मलाही कळत नाही. पण माझी घाई ओळखणारं डावीकडे कुणी नाही. ये.

तुझीच,
धाकटी

(त्याच रात्री, रोजनिशीत) उद्या: ताईच्या टेबलावरचा दिवा बदलणे.