उर्वीविषयी चार तक्रारी

भवानी पेठ, सोलापूर
६ जानेवारी २०२५

ती. सौ. आत्याबाईंस,
सुनेचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोनच करणार होते, पण तुम्हाला उजव्या कानाने ऐकू येत नाही आणि तुम्ही फोन नेमका त्याच कानाला लावता. मामांनी उचलला तर ‘बरं हाय’ म्हणून ठेवून देतात. मागच्या रविवारी मी गॅस संपल्याचं सांगितलं, तेही त्यांना बरंच वाटलं. म्हणून लिहायला बसले.

काम महत्त्वाचं आहे. इथली एक शाळा जूनपासून विशेष हुशार मुलांसाठी ‘प्रज्ञा वर्ग’ सुरू करतेय. पहिलीत जाणारी फक्त वीस मुलं घेणार. तिथे पाठांतर नाही, मुलांनी प्रश्न विचारायचे आणि त्यावरूनच शिकवायचं, असं म्हणतात. उर्वीच्या बालवाडीच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ह्या पोरीला आमच्याकडे आता कंटाळा येतो, तिचा अर्ज भराच. तीनशेच्या वर अर्ज येतील असं ऐकते. तुमच्या चिरंजीवांना विचारलं तर ते म्हणाले की एवढं काय, हुशार असेल तर कुठंही शिकेल की.

पण मला तसं म्हणता येत नाही. का ते सांगते. चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत मी आमच्या केंद्रात पहिली आले होते. गुरुजी दोनदा घरी आले, बार्शीच्या शाळेचा अर्ज ठेवून गेले. नेमकी पेरणीची घाई चालू होती. कुणी नको म्हणालं नाही, पण अर्ज कुणी भरलाही नाही. त्यामुळे उर्वीचा अर्ज मी आधी कच्चा लिहून काढला, दोनदा तपासला, मगच भरला. ही जागा तिला मिळायलाच हवी, असं मला फार वाटतं.

अर्जासोबत आईवडील सोडून घरातल्या एका मोठ्या माणसाचं पत्र मागितलंय, मूल कसं आहे ते सांगणारं. ते बंद पाकिटातून थेट शाळेला पाठवायचं, आम्ही वाचायचं नाही. तुम्ही एकतीस वर्षं अंगणवाडी चालवलीत, तुमच्या शब्दाला वजन येईल. पत्ता घातलेलं पाकीट सोबत आहे. ३१ तारखेच्या आत पोचू दे. एकच विनंती, जरा सढळ हाताने लिहा. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण तुमच्या तोंडून ‘भाजी चांगली झाली’ असं मी अजून ऐकलेलं नाही. ‘आज मीठ बरोबर पडलंय’ इथवरच आपली मजल गेली आहे.

मामांना नमस्कार सांगा. उर्वीचा तुम्हाला गोड पापा. चेष्टा मनावर घेऊ नका, माया मात्र घ्या.

आपली,
अंकिता


वैराग
१३ जानेवारी २०२५

चि. सौ. अंकितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. आज भोगी, सकाळपासून चुलीपुढेच आहे, त्यामुळे थोडक्यात लिहिते. शाळेचं पत्र लिहायला मला चार दिवस लागले. परवा ते पोस्टाने पाठवून पावती घेतली.

तू ते वाचायचं नाहीस हे लक्षात आहे. पण नोकरीत असल्यापासून माझा एकही कागद नक्कल ठेवल्याशिवाय बाहेर गेलेला नाही. सवयीने खाली कार्बन घातला गेला. नक्कल आमच्याकडे राहिली तर मामा तिच्यात तंबाखू बांधतील, म्हणून तुला पाठवते. शाळेचं पाकीट पोचून गेलेलं असेल, तेव्हा आता वाचलंस तर नियम मोडत नाही, असं माझं मत.

तूही भोगीच्या भाजीत तीळ घातले असशीलच. तुम्हा तिघांवर देवाची नजर राहो, माणसांची नको.

तुझी सासू,
रंभाबाई


(नक्कल)

मा. मुख्याध्यापक यांस,
स. न. वि. वि.

आपण विचारलं आहे की मूल कसं आहे. मी अंगणवाडी सेविका होते. आईबापांनी सांगितलेलं मूल आणि समोर आलेलं मूल यांत किती फरक असतो, ते मी रोज बघितलं आहे. शिवाय आमच्यात घरच्या लेकराचं कौतुक घरची माणसं करत नाहीत. ते माझ्याकडून होणार नाही. माझ्या तक्रारी आहेत, त्या लिहिते.

पहिली तक्रार कामाची. दिवाळीत उर्वीला चटणीसाठी सूपभर शेंगा फोडायला दिल्या. दोन तासांनी बघते तर एकही फोडलेली नाही. हलवून हलवून तिने एका दाण्याच्या, दोन दाण्यांच्या, तीन दाण्यांच्या अशा वेगळ्या राशी केल्या होत्या. चार दाण्यांच्या दोनच निघाल्या. मग पाच दाण्यांची शेंग का नसते म्हणून तिने गल्लीतली सगळी पोरं शोधाला लावली. त्या दिवशी चटणी झाली नाही.

दुसरी तक्रार, ती माणसाला स्वस्थ बसू देत नाही. ती अक्षरं शिकली ती एसटीच्या पाट्यांवरून. तिने विचारलं की वैरागातला र रांगेत उभा राहतो, मग बार्शीतला र शीच्या डोक्यावर का चढून बसतो. मी म्हणाले, तशीच रीत आहे. तिला ते पटलं नाही. तिचे आजोबा दोन रिटायर मास्तरांच्या घरी विचारायला जाऊन आले. दोघांनी चहा पाजला, उत्तर दिलं नाही.

तिसरी तक्रार मांजराची. शेजारच्या अंगणवाडीचा वजनकाटा आमच्याकडे ठेवलेला होता. मांजर काट्यावर ठरेना, तेव्हा ही त्याला कवेत घेऊन स्वतः उभी राहिली, मग त्याला सोडून एकटी उभी राहिली, आणि मांजर तीन किलोचं आहे असं तिने जाहीर केलं. वजाबाकी तिला कुणी शिकवलेली नाही. हातावर ओरखडे किती उठले ते मी मोजले.

चौथी तक्रार चपलांची. शेजारच्या केराबाईची नात अनवाणी होती. ही आपली नवी चप्पल तिला देऊन आली, पण एकच. दोघी भर उन्हात लंगडी घालत घरी आल्या. विचारलं तर म्हणाली की माणसं दोन आणि चपला पण दोन, मग एकेक. मी रागावले. माझा हिशेब काय चुकला ते सांग, असं तिने मलाच विचारलं. 

मुलगी अशी आहे. वर्गात घेतलीत तर तुमच्या बाईंना जेरीला आणील, याची आगाऊ कल्पना असावी.

आपली नम्र,
रंभाबाई


भवानी पेठ, सोलापूर
२० जानेवारी २०२५

ती. सौ. आत्याबाईंस,
सा. न. वि. वि.

नक्कल वाचली. हे काय करून ठेवलंत तुम्ही? मी कौतुकाचे चार शब्द मागितले आणि तुम्ही मोजून चार तक्रारी दिल्यात! तुमचे चिरंजीव चपलांचं वाचून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी रडले. आमचं बघून उर्वीने दोघांना पाणी आणून दिलं.

परवाच शाळेत जाऊन आले. पाकीट परत मिळेल का असं ऑफिसात विचारलं. तिथल्या बाई चांगल्या होत्या, पण आलेलं पत्र परत देता येत नाही म्हणाल्या. बाहेर पालकांची रांग होती. एक आजोबा सांगत होते की त्यांनी नातवावर तीन पानं लिहिली आहेत, एकही दोष सापडत नाही. आणि आमच्या घरून काय गेलंय? ‘जेरीला आणील!’

एक ओळ, आत्याबाई. ‘पोर गुणी आहे’ एवढी एकच ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं? मी अर्ज भरला, रात्रंदिवस देवाचा धावा केला, आणि घरच्याच माणसाने नाट लावला. रागाच्या भरात लिहितेय हे मला कळतंय. तरी खोडत नाही. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर पदरात घ्या.

आपली,
अंकिता


वैराग
२७ जानेवारी २०२५

चि. सौ. अंकितास,
अनेक आशीर्वाद.

तू खोडलं नाहीस ते चांगलं केलंस. राग पोटात ठेवला की तो जिरत नाही, नासतो. तू रडलीस हे वाचून मला दोन दिवस भाकरी गोड लागली नाही.

तुला खरं सांगते. तुझा नवरा, आदिनाथ, सात वर्षांचा असताना मारुतीच्या पारावर त्याने तिसापर्यंतचे पाढे घडाघडा म्हटले. मी चारचौघांत बोलून गेले की माझ्या पोरासारखं पोर पंचक्रोशीत नाही. तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला, तो पंधरा दिवस उतरला नाही. तेव्हा पाणीच खराब होतं, निम्मं गाव आजारी होतं. हे मला कळतं. दृष्टबिष्ट काही नसतं यावर अंगणवाडीत आयांपुढे मी भाषणं दिली आहेत. पण घरच्या माणसाचं चांगलं लिहायला बसले की पेन पुढे सरकत नाही. पहिल्या तीन दिवसांत मी ‘उर्वी हुशार आहे’ असं चार वेळा लिहिलं आणि चारही कागद चुलीत घातले.

चुकलंच माझं. तुझ्यासाठी ते केवढं मोठं होतं ते तू लिहिलं होतंस, तरी मी माझाच हेका चालवला. तू म्हणशील तर सोलापूरला येऊन मुख्याध्यापकांपुढे उभी राहते. पण अंकिता, त्या चारांतली एक तरी तक्रार खोटी आहे का, ते तेवढं सांग.

तुझ्या मनातली अढी लवकर सुटो, एवढंच मागते.

तुझी,
रंभाबाई


भवानी पेठ, सोलापूर
२ मार्च २०२५

ती. सौ. आत्याबाईंस,
सा. न. वि. वि. आणि वर आणखी एक नमस्कार.

आधी बातमी, मग बाकीचं. उर्वीची निवड झाली! काल यादी लागली. वीस नावांत तिचं अकरावं. मी तीनदा वाचलं, मग ह्यांना वाचायला लावलं, मग उर्वीला. ती म्हणाली की आई, आता मी वाचलं तरी नाव बदलणार नाही.

मुलाखतीचं मुद्दाम लिहिलं नव्हतं, धीर होत नव्हता. पंधरा फेब्रुवारीला मुलांना आत घेतलं आणि आम्हाला झाडाखाली बसवलं. तासाभराने मुलाखत घेणाऱ्या पंचाक्षरी मॅडम उर्वीचा हात धरून बाहेर आल्या आणि विचारलं की वैरागच्या आजी कोण. माझ्या सासूबाई, असं मी उभं राहून सांगितलं. मग त्या हसायला लागल्या. त्यांच्याकडे तीनशे बारा पत्रं आली होती. हुशार, आज्ञाधारक, सगळ्यांची लाडकी. नावं झाकली तर कुठलं पत्र कुणाचं ते ओळखू येईना. भेटण्याआधी एकच मूल ओळखीचं झालं होतं, असं त्या म्हणाल्या. तुमचं पत्र त्यांनी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं, आणि कुणाला तरी पुन्हा ऐकायचं होतं म्हणून परत वाचलं.

त्यांनी उर्वीलाही विचारलं की आजीच्या तक्रारी खऱ्या आहेत का. ती म्हणाली की तीन खऱ्या आहेत, मांजराचं चुकलंय. वजन करण्याआधी ते वाटीभर दूध पिऊन आलं होतं, तेवढं कमी करायला पाहिजे. आणि तिने मॅडमनाच बार्शीचा र विचारला. त्यांनी सांगितलं की तो अर्धा आहे, स्वतःच्या पायावर उभा राहू शकत नाही, म्हणून शेजाऱ्याच्या डोक्यावर बसतो. घरी येईपर्यंत ती दुकानांच्या पाट्यांवर असे र मोजत होती. मामांना कळवा, मास्तरांकडे जाऊन सांगून येतील.

आता माझं. त्या दिवसापासून मला एकच नाद लागलाय. तुमचं पत्र इतरांनी कसं वाचलं ते बघितलं, आणि नऊ वर्षांत तुम्ही माझ्याबद्दल केलेल्या तक्रारी मला आठवायला लागल्या. किराणा आणला की ही आधी पुडीचा कागद वाचते, मग साखर डब्यात भरते, असं तुम्ही केराबाईंना सांगितलं होतं. घरात कुणाला चुकीचं बोलू देत नाही. पाहुण्यांसमोर पंचांगातली चूक काढते. हे सगळं फिरून माझ्या कानावर यायचं आणि मी उशीत तोंड खुपसून रडायचे. आत्याबाई, ते काय होतं? मला खरंखुरं उत्तर हवंय, कितीही उशिरा आलं तरी चालेल.

माझं जानेवारीचं रागाचं पत्र आता खोडते, म्हणजे तुम्ही खोडा. जून उजाडायच्या आत इकडे या.

तुमचीच,
अंकिता


वैराग
९ मार्च २०२५

चि. सौ. अंकितास,
पोटभर आशीर्वाद.

उशिरा कशाला, लगेच सांगते. ते कौतुक होतं. दुसरं काही नव्हतं. पुडीचा कागद वाचणारी सून आली म्हणून मी केराबाईकडे मिरवत होते. ते तुझ्यापर्यंत रडू होऊन पोचत होतं हे मला नऊ वर्षं कळलं नाही, आणि मी म्हणे माणसं वाचणारी बाई. त्या सगळ्या रडण्याबद्दल मला माफ कर. तुझं जानेवारीचं पत्र मात्र खोडणार नाही. तेच तर मला शहाणं करून गेलं.

काल बार्शीहून पेढे आणवले आणि गल्लीत वाटले. मामा र सांगायला मास्तरांकडे जे गेले ते जेवणाच्या वेळेलाच परत आले. आमच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या. केराबाईने विचारलं की पोरगी एवढी हुशार निघाली, गेली कुणावर म्हणायची? आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. नातवंड हट्टी निघालं तर आईवर गेलं आणि हुशार निघालं तर बापाच्या घराण्यावर. बायकांनी आपसातच ठरवून टाकलं की ही आजोबांवर गेली, आणि मामाही मिशीला हात लावून बसले.

मी सगळ्यांच्या समोर म्हणाले की उर्वी तिच्या आईवर गेली आहे. केराबाईला वाटलं, मला प्रश्न नीट ऐकू आला नाही, म्हणून तिने ओरडून परत विचारला. मग मीही ओरडून सांगितलं की मला समदं ऐकू आलंय, माझी सून लई हुशार हाय आणि पोरगी तिच्यावर गेलीय.

एकमेकींना अशीच खरीखुरी पत्रं लिहीत राहू.

तुझी,
रंभाबाई