पिवळा बिल्ला

सोमवार

नोकरी लागली! जलतरण तलावावर मदतनीस. ताई म्हणाली, आता तू माणसांत आलास. तिची मुलगी, आमची भिंगरी, इथेच पोहायला शिकते. मामा तलावावर येणार म्हटल्यावर बाईसाहेब हवेतच तरंगायला लागल्या. काम सोपं आहे. पाण्यात उतरताना प्रत्येक मुलाने आपल्या रंगाचा बिल्ला फळ्यावरच्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर आलं की स्वतः काढून न्यायचा. शेवटी फळा रिकामा दिसला की मी तलावावर ताडपत्री ओढायची. एरवी तिला हात लावायचा नाही, असं व्यवस्थापकांनी बजावलं. भिंगरीचा बिल्ला पिवळा आहे.

बुधवार

डॉक्टरांकडे गेलो. आवाज बंद झालेत, झोप लागते, म्हणून घरचे खूश. मी त्यांना खरं सांगितलं, की पूर्वी डोक्यात चारजण भांडायचे, आता मीसुद्धा घरी नसतो. ते हसले आणि मग गंभीर झाले. म्हणाले, या आजारात लक्ष आणि स्मरणशक्तीही दुबळी होते. आवाज गेले तरी हा विसराळूपणा मागे राहू शकतो, सरावाने थोडा सुधारतो. करायचं ते आधी लिहा, मग करा, आणि कामावर सांगून ठेवा. लिहीन. सांगणार मात्र नाही. नोकरी गेली तर ताईचा चेहरा पुन्हा उतरेल, ते मला सोसवणार नाही.

शनिवार

पोरं बिल्ले तसेच टांगून पळतात. आज एकाला हाक मारायला गेलो आणि कपडे बदलायच्या खोलीत नुसता उभा राहिलो. कशाला आलो, पत्ताच नाही. म्हणून आता उरलेले बिल्ले मीच काढून खिशात टाकतो, दुसऱ्या दिवशी वाटतो. फळा वेळेत रिकामा होतो. व्यवस्थापकांनी पाठ थोपटली.

मंगळवार

नळ चालू राहिला. एका आईने काहीतरी निक्षून सांगितलं, मी मान डोलावली, आणि ती वळेपर्यंत सगळं साफ. कुणीतरी माझ्या मागोमाग फडकं घेऊन पुसत येतंय. भीती वाटते. उद्या व्यवस्थापकांना सांगायचंच.

बुधवार

काहीतरी सांगायचं होतं. कुणाला —

गुरुवार

फळा रिकामा. ताडपत्री ओढली, दोर बांधला. सगळे गेले.

ताईचा फोन. भिंगरी अजून घरी आली नाही, तुझ्याजवळ आहे का? हो म्हणालो. का म्हणालो?

खिशात पिवळा बिल्ला. कोरडा. बाहेर येऊन तिने दिला असता तर ओला असता. म्हणजे मीच फळ्यावरून —

तिच्या चपला इथेच आहेत.

भिंगरे, हाक दे गं. एकदाच.

आधी लिही, मग कर. ताडपत्री काढायची. दोर सोडायचा. लगेच. ऊठ.

पुन्हा फोन. ताई रडत होती. रडू नकोस म्हणालो. खूप वेळ समजावलं.

हातात दोर आहे.

वर काहीतरी लिहिलंय. अक्षर माझंच. वाचतोय, पण खालच्या ओळीवर येईपर्यंत वरची —