दोन श्रावणांचे उपास

१२ जुलै १९५७
गुडघे आज ऐकेनात! देवघरातून उठताना भिंत धरली, कोनाडा धरला. शेवटी शंकरालाच म्हटलं, बघतोस काय — हात दे!

सुहासचं पत्र नाही. नवं राज्य झालं, त्याची कचेरी भोपाळला गेली, तोही गेला, सूनबाईही. निघताना म्हणाला, "आई, क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर आहे. गुडघे बरे झाले की लगेच घेऊन जातो." म्हणजे माझं भोपाळ या गुडघ्यांत अडकलंय.

१४ जुलै
फ्रीगंज बाजारातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, कोणीही घ्या! एक घेतली. थोड्या वेळानं गच्चीचा जिना चढले — कठडा न धरता! वर सांगायला कोणी नव्हतं. शेजारच्या वासंतीचं लुगडं वाळत होतं, त्यालाच सांगितलं.

१५ जुलै, सोमवार
इथल्या लोकांचा श्रावण लागला. आपला मराठी लोकांचा अजून पंधरवड्यानं. मी दोन्ही धरते. सासूबाईंची शिकवण — "महाकालाच्या गावात राहायचं तर त्यांचेही सोमवार, आपलेही." संध्याकाळपर्यंत फक्त पाणी. गोळी मात्र घेतली. औषधानं उपास मोडत नाही.

२३ जुलै
उपास नसला तरी सकाळी चूल पेटवावीशी वाटत नाही. एकटीसाठी काय रांधायचं! गोळी आणि स्टोव्हवरचा कोरा चहा. पोटात जळजळतं. वासंतीनं डोकेदुखीच्या पुड्या दिल्यात. "काकू, ही पण घेऊन बघा, एकदम आराम पडतो."

३० जुलै
दोन गोळ्या, वर पुडी. जिना दोनदा! सुहासला लिहिलं — दिवाळीला न्यायला ये, आई तयार आहे.

३ ऑगस्ट
शौचाला काळं झालं, डांबरासारखं. जांभळं खाल्ली होती, त्यामुळे असेल. अंगात त्राण नाही. सुहासचं उत्तर नाही.

१० ऑगस्ट
आज घरी आले. सोमवारी महाकालाची सवारी बघायला ओट्यावर उभी होते. ढोल जवळ आले आणि डोळ्यांपुढे अंधार! शुद्धीवर आले ती दवाखान्यात. पोटात रक्तस्राव झाला होता. डॉक्टर नागर असे काही रागावले! "माताजी, खाली पेट गोली? और ऊपर से पुड़िया? दोनों में एक ही दवा है!" मी म्हटलं, उपासाला औषध चालतं. तर म्हणाले, "भोलेनाथ माफ कर देंगे, पेट नहीं करेगा."

मला या गोळ्या कायमच्या बंद. वासंतीलाही डॉक्टरांनी दम भरला — दुखण्याची गोळी घ्यायची तर जेवल्यावर, एका वेळी एकाच जातीची, रोज लागायला लागली तर डॉक्टरला विचारून. आणि काळं झालं की त्याच दिवशी दवाखाना. ती बिचारी रडायला लागली. मलाच तिची समजूत काढावी लागली.

सुहासला तार केली होती म्हणे. त्याला रजा मिळाली नाही. दवाखान्यात दार वाजलं की मान वळायची माझी. दर वेळी नर्सच.

१९ ऑगस्ट, सोमवार
आपल्या श्रावणातला शेवटचा सोमवार. सकाळीच दूधभात खाल्ला. चुकल्यासारखं वाटलं, शंकराकडे बघितलं नाही.

वाळूच्या पुरचुंडीनं गुडघे शेकते. बरं वाटतं, पण जिना होत नाही. दोन पायऱ्या चढले की बसावंच लागतं. गोळीशिवाय मी भोपाळला पोचणार कशी? डबीत अजून थोड्या आहेत. जेवून एकच घेतली तर? हातात घेतली होती. परत ठेवली. डबी मात्र टाकवत नाही.

३० ऑगस्ट
विलास आला होता, सुहासच्या कचेरीतला. गणपतीला घरी आलाय. तिकडे सुहासच्या शेजारीच राहतो. कौतुकानं सांगत होता, "वहिनींनी दारातच भेंडी लावलीय, काकू! पहिल्यापासून खालचाच क्वार्टर मिळाला ना त्यांना, अंगणासकट." त्याला चहा दिला, मोदक दिले.

गोळ्या मोरीत टाकल्या. सुहासला पत्र लिहिलं — गुडघे काही बरे होत नाहीत रे. तुझा जिना मला जमायचा नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.