तेवीस नंबरची फरशी

२ मार्च

आलो एकदाचे! घर लहान आहे, पण खिडक्या इतक्या की घरातले सगळे पडदे लावूनही दोन उघड्याच राहिल्या. खालची जमीन मात्र पार उखडलेली, त्यामुळे दगडी फरशीचा माझा जुना हट्ट आता पुरा होणार. ह्यांचं म्हणणं, चकचकीत टाइल बऱ्या, पुसायला सोप्या. मी म्हटलं, तुम्ही जन्मात कधी फडकं हातात धरलंय का? हे गप्प बसले. बारा वर्षांच्या संसारात एवढं तरी शिकलेत. बबडी, म्हणजे आमचं पाच वर्षांचं एकुलतं एक रत्न, रिकाम्या खोल्यांतून ओरडत पळतेय, कारण आवाज घुमतो. माझं डोकं उठलंय, तरी आज कुणावर चिडायचं नाही असं ठरवलंय.

४ मार्च

मिस्त्री आले. साठीचे, काटकुळे, बोलणं तोलूनमापून. आधी सगळ्या फरश्या नुसत्या कोरड्या मांडल्या आणि दाराशी उभं राहून बघत बसले. एक गडद वाटली ती कोपऱ्यात, एक रेघवाली ती खिडकीखाली. दिवस गेला त्यात, पण काम बघून मन भरलं. करड्या दगडात निळसर झाक आहे, हात ठेवला की उचलवत नाही. मग प्रत्येकीच्या पाठीवर खडूने नंबर घातला आणि तोच नकाशा कागदावर काढून मला दिला. ओळीत सहा, बैठकीच्या दारापासून सरळ बबडीच्या खोलीपर्यंत. कागद फ्रिजवर लावलाय.

६ मार्च

आज आमच्या रत्नाने दिवे लावले. मिस्त्रींनी तेवीस नंबरच्या जागी सिमेंट-वाळूचा ओला माल पसरला आणि पाणी प्यायला उठले. तेवढ्यात ही धावत आली ती थेट डावा पाय त्यात रोवून! तिचा पाय घासून धुतला, पाठीत एक धपाटा घातला, मग वाकून बघते तर काय, मालात इतकं सुबक पाऊल! पाचही बोटं, टाचेचा गोल खळगा. मला पुसवेना.

मिस्त्री थापीने ते सारखं करायला बसले तर मीच अडवलं. म्हटलं, वर फरशी बसवा, उद्या पोर मोठी होऊन कुठेही गेली तरी हे पाऊल घरात राहील. त्यांनी हात आखडला. मालात पाऊल ठेवून वर फरशी घालायची नाही, हा त्यांच्या उस्तादांचा नियम. कारण विचारलं तर म्हणाले, कारण त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं, फक्त एकदा थापीचा दांडा पाठीत बसला होता. मी हसले. घर माझं, पोर माझी, म्हटलं. त्यांनी फरशी ठेवली, पण हातोडा काही उचलेनात. शेवटी रबरी हातोड्याने मीच ठोकून बसवली.

१२ मार्च

काम संपलं. सांधे भरले, कडा घासल्या. हे कालच तीन आठवड्यांसाठी कामाच्या गावी गेले, म्हणजे घाण करणारे दोन पाय कमी झाले.

मिस्त्रींनी जाताना शिकवणी घेतली. लिंबू, व्हिनेगर, फिनाइल दगडाजवळ आणायचं नाही. साधं पाणी, घट्ट पिळलेलं फडकं. आतली ओल निघून जायला एकवीस दिवस, मग वरून सीलर. तोवर दगड पाणी पितो. ते मी बघतेच आहे. बबडी न्हाणीतून ओली धावते आणि मागे काळी पावलं उमटतात, डावं, उजवं, डावं. वाळली की जातात. मी ओरडते, आणि ती गेली की बघत उभी राहते. गंमत वाटते.

लाकडी दांड्याने ठोकून बघायचंही त्यांनी शिकवलं. भरीव वाजली तर नीट बसली, पोकळ वाजली तर खाली हवा.

१४ मार्च

लाकडी पळी घेऊन घरभर ठोकत फिरले. एकूणएक भरीव, फक्त तेवीस पोकळ. ती वाजणारच, खाली पाऊल आहे ना. नकाशावर पेन्सिलीने गोल केला.

१६ मार्च

आज तेवीस भरीव वाजली. आणि पुढच्या ओळीतली, बरोब्बर तिच्यासमोरची एकोणतीस पोकळ. दहादा ठोकून पाहिलं. ह्यांना फोन केला तर म्हणाले, ऊन-गारव्याने होतं, वाळलं की बसेल. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! मिस्त्रींचा फोन लागत नाही.

१८ मार्च

एकोणतीस भरीव. पस्तीस पोकळ.

आज बबडीला मोजे घालताना डावा पाय गार लागला. उजवा ऊबदार. चोळला, तरी गारच.

१९ मार्च

डॉक्टरांनी पाय दाबून, वाकवून पाहिला. काही नाही म्हणाले, मुलं वाढताना असं होतं. मला जरा आराम करायला सांगितलं. माझा पाय दुखत नव्हता!

२० मार्च

एक्केचाळीस.

फ्रिजपाशी उभी राहून मी त्या गोलांवरून बोट फिरवलं. तेवीस, एकोणतीस, पस्तीस, एक्केचाळीस. सरळ रेघ. तशीच पुढे नेली तर सत्तेचाळीस, बबडीच्या दाराच्या आत. मग त्रेपन्न. त्रेपन्नवर तिचा पलंग आहे.

भर दुपार होती, बबडी शाळेत. मी वाकून एक्केचाळीसवर पळी एकदा ठोकली. खालून कुणीतरी एकदा ठोकलं. हलकेच.

२१ मार्च

बबडी लंगडते. विचारलं तर म्हणते, पाय झोपलाय.

आज ती न्हाणीतून आली, ओलीच. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. उजवं पाऊल काळं उमटलं होतं. मग मोकळा दगड. मग पुन्हा उजवं. डाव्या पायावरून पाणी गळत होतं, आणि दगड कोरडा.

२२ मार्च

ताईकडे आले बबडीला घेऊन. कारण काही सांगितलं नाही, ताईने विचारलंही नाही. तिच्या अंगणात फरशी नाही, माती आहे. बबडीला ओल्या मातीवर उभं केलं. एकच पाऊल.

संध्याकाळी तर ती उभीही राहीना. परत निघाले. ताई रागावली. पण लांब गेल्यावर जास्तच होतंय, हे तिला कसं सांगू?

२३ मार्च

सत्तेचाळीस. दाराच्या आत.

पलंग हलवला. वेड्यासारखी मीही. पलंग हलवून काय होणार, पोर तर घरातच आहे.

२४ मार्च

मिस्त्री आले. फोन एकदाचा लागला होता. सगळं ऐकून एकच विचारलं, डावं ना?

तेवीस उचलली. खाली माल सपाट. इतका सपाट की कुणी नुकतीच थापी फिरवावी. मग सत्तेचाळीस उचलली. आवळून दगड झालेल्या मालात ते पाऊल. पाच बोटं, टाचेचा खळगा. बोटं पलंगाकडे.

मिस्त्री खाली बसले. मग म्हणाले की त्यांच्या उस्तादांचा डावा पाय घोट्यापर्यंत मेलेला होता. उस्तादांना एक मुलगी होती, लहानपणी तिचा एक पाय असाच लुळा पडला होता. मग एके दिवशी ती एकाएकी चालायला लागली, आणि त्याच आठवड्यात उस्ताद लंगडायला लागले. त्यांनी नियम केला तो त्यानंतर.

तो खळगा आम्ही ताज्या मालाने गच्च भरला. जाताना ते आपली थापी विसरले. अख्ख्या आयुष्यात हत्यार विसरले नसतील. दाराशी अर्धं पोतं मालही ठेवून गेले.

२५ मार्च

त्रेपन्न पोकळ —

बबडी उठली ती रडतच. उजव्या पायाची बोटं गार. आता उजव्या —

ह्यांना फोन केला. नुसती रडले. हे निघालेत. उद्या दुपारपर्यंत पोचतील. दुपारपर्यंत उजवा राहील का?

मी केलं हे. मीच म्हटलं, राहू दे. मीच ठोकली.

२६ मार्च, सकाळ

त्रेपन्न उचलली. पाऊल होतं. माल कालवला, भरपूर, त्यावर पसरला. सारखा केला नाही. डावा पाय घातला, घोट्यापर्यंत. चुरचुरतंय. स्टुलावर बसलेय, वही मांडीवर. बबडीला वाटतंय आई खेळतेय. हसतेय ती.

काही नाही अजून.

अर्धा तास. माल आवळतोय.

आलं — पोटरीत गारवा. तळव्याला काहीतरी लागलं. बोटं. लहान. एक एक करून माझी बोटं चाचपतायत —

बबडीला म्हटलं, बादलीत दोन्ही पाय बुडव आणि चालून दाखव. चालली. उजवं. डावं! उजवं, डावं, उजवं, डावं — काळी, ओली, दाराबाहेरपर्यंत. माझी सोन्याची पोर. सांगितलंय तिला, बाहेर मातीवर उभी राहा, बाबा येईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. हाका मारतेय. मी ओ देत नाही. दिली तर आत येईल.

पाय निघत नाही. मेला. असू दे. एकच तर —

उजवा शेजारच्या फरशीवर टेकवला होता. ती सकाळी भरीव होती. आत्ता टाच आपटली तर पोक —