संयमापुढची खूण

दि. ९, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. मी मजेत. तुझी तब्येत विचारत नाही; विचारलं की तू "बरी आहे" म्हणतेस आणि विषय संपतो. भावोजी लेकीला शाळेत सोडतात तेव्हा भेटतात, पण घाईत असतात.

आमच्या शाळेत नवं खूळ आलंय. प्रत्येक विषय सर्वसाधारण शिक्षणाच्या चौकटीत बसवायचा. तक्त्यात डावीकडे सगळ्या विषयांना सामाईक गोष्टी: लक्षपूर्वक ऐकणं, संयम, दुसऱ्याला संधी देणं. उजवीकडे माझ्या संगीताच्या: सूर धरणं, तालात गाणं, मोकळा आवाज लावणं. मुलाला जे जमतं त्यापुढे बरोबरची खूण करायची. डावीकडचं जमलं की उजवीकडचं आपोआप येतं, असं प्रशिक्षणात सांगितलं. मी मान डोलावली. सगळेच डोलावत होते.

आणि अडले ती आपल्या भोंग्यापाशी. पाळण्यात असताना अख्खी गल्ली डोक्यावर घ्यायची, म्हणून तूच लेकीचं हे नाव पाडलंस. डावीकडे तिला सगळ्या खुणा, उजवीकडे एकही नाही. मूल एकच, तासही एकच! मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "अहो, सरासरी काढा की. कशाला डोकं पिकवताय?" गाण्याची सरासरी कशी काढतात, देव जाणे.

शुक्रवारी समूहगीत चालू असताना तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ओठ अगदी बरोबर हलत होते. आवाज नव्हता. नंतर तिला थांबवून घेतलं.

"मावशी, मी हळू गाते."

"इतकं हळू?"

"सवय झालीय. घरी आई झोपलेली असते ना."

"आई गप्प बस म्हणाली का?"

"नाही गं. मीच बसते."

ताई, मला काही कळेनासं झालंय. याला संयम म्हणायचं? पोर आवाज गिळून बसली आणि मी त्यापुढे बरोबरची खूण करून मोकळी झाले! ती खूण खोडली, पुन्हा केली, पुन्हा खोडली, शेवटी कागद फाटला. तक्ता उद्या द्यायचाय. खड्ड्यात गेला तक्ता. पोरीचा आवाज कायमचा बसला तर काय?

बाळ गेल्यावर तू अंथरूण धरलंस, त्यावर मी कधी अवाक्षर काढलं नाही. काय बोलावं सुचत नाही, अजूनही नाही. पण मी येते तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून जागीच असतेस, हे मला दिसतं. उठू नकोस हवं तर. फक्त तिला जवळ घे आणि एवढंच सांग, की आई झोपलेली नसते.

तिचा आवाज ऐकायला आसुसलेली,
तुझी धाकटी